रोगट पान आणि द्रव्याची रचना

भौतिकशास्त्र, पदार्थविज्ञान आणि वनस्पतिरोगशास्त्र ही शास्त्रे विद्यापीठांत वेगवेगळ्या इमारतींत शिकवली जातात आणि त्यांच्या पदव्या, नियतकालिके व परिषदाही वेगळ्या असतात. परंतु माळव्यातील सोयाबीनचे पान पिवळे पडते, तेव्हा त्यामागच्या प्रश्नांची अशी वाटणी करता येत नाही. रोपाची मुळे ज्या मातीत आहेत ती माती पाणी कसे धरते, हा पदार्थविज्ञानाचा प्रश्न आहे. रोगाचे बीजाणू वाऱ्याने किती दूर वाहत जातील, हे भौतिकशास्त्राच्या नियमांनी ठरते. आणि पेशीत शिरून तिचा कारभार ताब्यात घेणारा विषाणू हा रोगशास्त्राचा विषय असला, तरी त्याचे रूप माणसाला प्रथम दिसले ते भौतिकशास्त्रज्ञांनी घडवलेल्या उपकरणांतून.

हे तिन्ही विषय एकमेकांच्या इतके जवळ आणणारे प्रदेश भारतात थोडे आहेत आणि उज्जैन-इंदूरचा पट्टा त्यांपैकी एक आहे. उज्जैनला मापनशास्त्राची परंपरा जुनी असून सवाई जयसिंहाने बांधलेल्या तेथील वेधशाळेचा जीर्णोद्धार १९२३ मध्ये माधवराव शिंदे यांच्या कारकिर्दीत गोविंद सदाशिव आपटे यांच्या देखरेखीखाली झाला. १९५७ मध्ये याच शहरात विक्रम विद्यापीठ स्थापन झाले. तेथून सुमारे ५५ किलोमीटरवर असलेल्या इंदुरात सोयाबीनचे राष्ट्रीय संशोधन केंद्र, भारतीय कृषी संशोधन संस्थेचे गव्हावर काम करणारे प्रादेशिक केंद्र आणि अणुऊर्जा विभागाचे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र या तिन्ही संस्था आहेत. रोग शेतात डोळ्यांना दिसतो तो रंगाच्या रूपाने, पण त्याची गती आणि त्यावरचा उपाय ठरतो तो द्रव्याच्या सूक्ष्म रचनेने, हे या प्रदेशाच्या उदाहरणावरून चांगले समजते.

काळ्या मातीची घडण

माळव्याची काळी माती ही दख्खनच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन तयार झालेली माती आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांतून पसरलेल्या लाव्हाचे थर महाराष्ट्रापासून माळव्यापर्यंत पोहोचले असल्यामुळे उज्जैनच्या आणि विदर्भ-मराठवाड्याच्या शेतकऱ्याला जमिनीचा अनुभव पुष्कळसा सारखाच येतो: पावसाळ्यात चिखल पायाला सोडत नाही आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. या स्वभावाचे कारण मातीतील माँटमोरिलोनाइट नावाच्या खनिजात आहे. त्याचा प्रत्येक कण सुमारे एक नॅनोमीटर जाडीच्या, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाएवढ्या पातळ पापुद्र्यांचा बनलेला असतो. या पापुद्र्यांवर ऋण विद्युतभार असल्यामुळे त्यांच्या मध्ये सोडियम किंवा कॅल्शियमसारखे धनभारित आयन अडकून राहतात आणि त्या आयनांभोवती पाण्याचे रेणू जमू लागले, की पापुद्रे एकमेकांपासून दूर सरकतात. माती फुगते ती यामुळे, आणि पाणी निघून गेले की पापुद्रे पुन्हा जवळ येऊन ती आकसते. पापुद्र्यांमधील हे अंतर क्ष-किरणांच्या साहाय्याने थेट मोजता येते.

या सूक्ष्म रचनेने माळव्याच्या पीकपद्धतीचा इतिहास घडवला आहे. पावसाळ्यात ही जमीन कसणे अवघड असल्यामुळे पूर्वी तिचा मोठा भाग खरिपात पडीक ठेवला जाई आणि जमिनीत मुरलेल्या ओलीवर रब्बीत गहू किंवा हरभरा घेतला जाई. १९७० च्या दशकापासून सोयाबीनने ही रिकामी जागा भरून काढली आणि काही दशकांतच मध्य प्रदेश हे देशातील सोयाबीनचे प्रमुख राज्य झाले. १९८७ मध्ये इंदुरात राष्ट्रीय सोयाबीन संशोधन केंद्र स्थापन झाले, तेही या विस्ताराच्याच काळात. परंतु लाखो एकरांवर एकच पीक, आणि त्यातही जबलपूरच्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या ‘जेएस ३३५’ सारखे मोजके वाण वर्षानुवर्षे घेतले जाऊ लागले, तेव्हा त्या पिकाच्या रोगांनाही तेवढेच मोठे क्षेत्र खुले झाले. पाणी साचून राहिलेल्या जमिनीत मुळांना प्राणवायू कमी पडतो आणि काही बुरशींना अनुकूल स्थिती मिळते. उलट पावसाने ताण दिला आणि उष्णता वाढली, तर खोड व मुळे कोळशासारखी काळी करणारी चारकोल रॉट ही कूज बळावते आणि तिच्या बुरशीचे सूक्ष्म काळे दाणे पुढील काही हंगाम मातीत टिकून राहतात. रुंद वरंबा सरी पद्धतीने पेरणी करण्याची शिफारस केली जाते ती पाण्याचा निचरा आणि पाण्याची साठवण ही दोन्ही कामे एकाच रचनेतून साधावीत म्हणून, आणि या अर्थाने ती शिफारस मातीच्या भौतिकशास्त्रावरच आधारलेली आहे.

वाऱ्याने येणारा तांबेरा

रब्बीतील गव्हावर येणाऱ्या तांबेऱ्याच्या बाबतीत भौतिकशास्त्राचा सहभाग आणखी स्पष्ट दिसतो. तांबेरा हा बुरशीमुळे होणारा रोग असून रोगट पानांवर किंवा खोडावर दिसणारी तांबूस भुकटी म्हणजे त्या बुरशीचे असंख्य बीजाणू असतात. ही बुरशी केवळ जिवंत वनस्पतीवरच वाढू शकते आणि उत्तर व मध्य भारताच्या सपाट प्रदेशातील उन्हाळ्यात तिचे बीजाणू टिकत नाहीत. मग दरवर्षी नव्या हंगामात रोग येतो कोठून, हा प्रश्न आग्रा येथील करमचंद मेहता यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हाती घेतला. अनेक वर्षांच्या निरीक्षणांतून त्यांनी असे दाखवले, की ही बुरशी उन्हाळा काढते ती थंड हवेच्या डोंगराळ भागांत, म्हणजे हिमालयात आणि दक्षिणेकडील निलगिरी व पळणी टेकड्यांत, आणि तेथून ती पुन्हा मैदानी प्रदेशात उतरते.

ती कशी उतरते, याचे उत्तर हवेच्या गतिशास्त्रात आहे. तांबेऱ्याचा बीजाणू साधारण २० ते ३० मायक्रोमीटर आकाराचा असतो आणि एवढ्या लहान कणावर गुरुत्वाकर्षणापेक्षा हवेच्या रोधाचा प्रभाव इतका मोठा असतो, की स्थिर हवेत तो सेकंदाला सुमारे एक सेंटिमीटर या संथ वेगाने खाली येतो. एक किलोमीटर उंचीवर पोहोचलेल्या बीजाणूला या हिशेबाने जमिनीवर यायला एका दिवसाहून अधिक काळ लागेल आणि तेवढ्या वेळात ताशी ३० किलोमीटर वेगाचा वारा त्याला आठशे किलोमीटरपर्यंत नेऊ शकेल. एल. एम. जोशी, एस. नागराजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात हवामानाचे नकाशे व पावसाच्या पाण्यात सापडणारे बीजाणू यांची सांगड घालून असे दाखवले, की नोव्हेंबरच्या सुमारास बंगालच्या उपसागरात निर्माण होणाऱ्या वादळी प्रणालींबरोबर काळ्या तांबेऱ्याचे बीजाणू दक्षिणेतून मध्य भारतापर्यंत येतात आणि पावसाबरोबर पिकावर उतरतात. त्यामुळे माळव्यातील, विशेषतः महाराष्ट्रात बन्सी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गव्हाच्या, क्षेत्रात तांबेऱ्याला प्रतिकारक वाण लावणे ही एका तालुक्याची बाब राहत नाही. मध्य भारतात रोगाची साखळी तुटली, तर पुढच्या प्रदेशालाही संरक्षण मिळते.

पिवळा मोझॅक आणि पांढरी माशी

सोयाबीनचा पिवळा मोझॅक, ज्याला महाराष्ट्रात केवडा असेही म्हणतात, हा रोग वाऱ्याने येत नाही. सुमारे एक मिलिमीटर लांबीची पांढरी माशी रोगट झाडाचा रस शोषते, त्या रसाबरोबर विषाणू तिच्या आतड्यात जातात, तेथून शरीरद्रवात आणि अखेर लाळग्रंथींत पोहोचतात, आणि मग ती ज्या ज्या निरोगी झाडावर बसून रस शोषते त्या झाडात लाळेवाटे उतरतात. एकदा विषाणूवाहक झालेली माशी पुढे दीर्घकाळ रोग पसरवू शकते. पानांवर आधी पिवळे ठिपके, मग पिवळ्या-हिरव्या रंगांची नक्षी आणि शेवटी पूर्ण पिवळेपणा येतो. हरितद्रव्य घटल्यामुळे अन्ननिर्मिती मंदावते, शेंगा कमी धरतात आणि दाणे बारीक राहतात. २०२३ च्या खरिपात विदर्भातील अनेक जिल्ह्यांत या रोगाने पिकाचे मोठे नुकसान केले आणि माळव्यालाही तो नवा नाही.

अशा रोगांचा अभ्यास मराठी मुलखात फार पूर्वी सुरू झाला होता. मुंबई इलाख्यातील भेंडीवरच्या अशाच रोगाची नोंद जी. एस. कुलकर्णी यांनी १९२४ मध्ये केली, पुण्यातील उप्पल, वर्मा आणि कपूर या संशोधकांनी १९४० मध्ये त्याचे विषाणूजन्य स्वरूप स्पष्ट केले आणि १९५० च्या सुमारास त्याचा प्रसार पांढऱ्या माशीमार्फत होतो हे दाखवले. मुगावरील पिवळ्या मोझॅकचे वर्णन टी. के. नरियानी यांनी दिल्लीत १९६० मध्ये केले आणि पुढे सोयाबीनवरील रोगामागेही याच गटातील विषाणू असल्याचे स्पष्ट झाले. हे सारे काम कीटक, कलमे आणि निरोगी-रोगट रोपांच्या तुलनेवर झाले होते. विषाणू कसा दिसतो हे त्यातून कळणे शक्य नव्हते.

याचे कारण प्रकाशाच्या स्वभावात आहे. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर असते आणि तिच्या निम्म्याहून बऱ्याच लहान असलेल्या वस्तूचे तपशील साध्या सूक्ष्मदर्शकातून, त्याची भिंगे कितीही उत्तम असली तरी, वेगळे दिसत नाहीत. पिवळ्या मोझॅकच्या विषाणूचा कण सुमारे २० नॅनोमीटर रुंद आणि ३० ते ३८ नॅनोमीटर लांब असतो. त्याची घडण जोडफळासारखी असते: वीस फलकांच्या घनाकृतीची दोन अपुरी कवचे एकमेकांना जोडलेली असतात, त्यांत एकाच प्रथिनाच्या ११० प्रती बसवलेल्या असतात आणि आत एकपदरी डीएनएचे वर्तुळ असते. या जोडकणांच्या गटाला जेमिनीविषाणू म्हणतात. पांढरी माशी कोणता विषाणू वाहील हे मुख्यतः या कवचाच्या प्रथिनावरून ठरत असल्यामुळे कवचाची रचना जाणणे म्हणजे रोगाच्या प्रसाराची किल्ली शोधणे होय.

तंबाखूच्या पानाने भौतिकशास्त्राला काय दिले

विषाणूंची रचना उलगडण्याचा मार्ग ज्या वनस्पतिरोगाने दाखवला, तो तंबाखूचा मोझॅक होता. १८८६ मध्ये आडोल्फ मायर यांनी या रोगाला नाव दिले, १८९२ मध्ये इव्हानोव्स्की यांनी जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतूनही रोगकारक पार जातो हे पाहिले आणि १८९८ मध्ये बायेरिंक यांनी तो जिवाणूंहून वेगळ्या प्रकारचा असल्याचे प्रतिपादन केले. १९३५ मध्ये अमेरिकेत वेंडेल स्टॅन्ली यांनी रोगट पानांच्या रसातून या रोगकारकाचे स्फटिक मिळवले, तेव्हा सजीवांप्रमाणे वाढणारी वस्तू मिठासारखी स्फटिकरूपात बाटलीत ठेवता येते, या वस्तुस्थितीने जीवशास्त्रज्ञ चकित झाले. स्टॅन्ली यांनी तो पदार्थ शुद्ध प्रथिन मानला होता. पुढच्याच वर्षी इंग्लंडमधील बॉडन आणि पिरी यांनी त्यात आरएनए हे केंद्रकाम्लही असल्याचे दाखवले.

स्फटिक हाती आला म्हणजे तो क्ष-किरणांच्या झोतात धरता येतो. क्ष-किरणांची तरंगलांबी अणूंमधील अंतराएवढी, म्हणजे साधारण ०.१ नॅनोमीटर असल्यामुळे नियमित रचनेवरून ते ठरावीक दिशांनाच विखुरतात आणि त्या ठिपक्यांच्या आकृतीवरून गणिताने रचना शोधता येते. ही पद्धत १९१२ मध्ये लाउए यांच्या कल्पनेतून आणि लगोलग ब्रॅग पितापुत्रांच्या कामातून धातू, क्षार व खनिजे यांच्यासाठी विकसित झाली होती. बर्नाल आणि फँकुखेन या भौतिकशास्त्रज्ञांनी ती तंबाखूच्या विषाणूला लावली. पुढे १९५३ नंतर लंडनच्या बर्कबेक महाविद्यालयात रोझलिंड फ्रँकलिन यांनी दाखवले, की हा विषाणू म्हणजे मधोमध पोकळ असलेली दांडी असून तिच्यात प्रथिनाचे सुमारे २,१३० रेणू मळसूत्राप्रमाणे रचलेले असतात आणि आरएनएचा धागा त्या रचनेच्या आत, प्रथिनांमध्ये रुतलेला असतो. त्यांचे सहकारी आरन क्लुग यांना या मार्गावरील पुढच्या कामासाठी १९८२ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने १९३९ मध्ये जर्मनीत टिपलेला विषाणूही हाच होता. त्या सूक्ष्मदर्शकाचे जनक एर्न्स्ट रुस्का यांना १९८६ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

देवाणघेवाण मात्र एकतर्फी नव्हती. ३०० नॅनोमीटर लांब आणि १८ नॅनोमीटर जाड अशा या दांड्यांचे द्रावण पुरेसे दाट केले, की दांड्या आपोआप एकाच दिशेला वळून रांगेत येतात आणि द्रव वाहता असूनही स्फटिकाप्रमाणे वागू लागतो, असे १९३० च्या दशकातच आढळले होते. दांड्यांमध्ये परस्पर आकर्षण नसतानाही केवळ जागेच्या अडचणीमुळे अशी शिस्त कशी निर्माण होते, हे लार्स ऑन्सेगर यांनी १९४९ मध्ये गणिताने सिद्ध केले आणि तो सिद्धांत आजही द्रवस्फटिकांच्या अभ्यासाचा पाया मानला जातो. रोगट पानातून निघालेल्या कणाने भौतिकशास्त्राला एक नवा प्रश्न आणि पदार्थविज्ञानाला अतिसूक्ष्म रचनांचा एक तयार साचा दिला. या विषाणूच्या दांडीवर धातूचे थर चढवून नॅनोतारा बनवण्याचे प्रयोग त्यातूनच पुढे झाले.

इंदूरचा क्ष-किरण झोत

रचना वाचण्याची ही पद्धत आज इंदूरमध्ये फार मोठ्या प्रमाणावर उपलब्ध आहे. १९८४ मध्ये पायाभरणी झालेल्या आणि पुढे अणुशास्त्रज्ञ राजा रामण्णा यांचे नाव मिळालेल्या केंद्रात इंडस-१ आणि इंडस-२ ही दोन सिंक्रोट्रॉन यंत्रे आहेत. इंडस-२ च्या सुमारे १७२ मीटर परिघाच्या निर्वात वलयात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने, २.५ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेने फिरत असतात. चुंबकांनी त्यांचा मार्ग वळवला, की वळणावर ते प्रखर प्रकाश बाहेर टाकतात आणि त्यात क्ष-किरणांचा मोठा वाटा असतो. वलयाभोवतीच्या वेगवेगळ्या मार्गिकांवर हा प्रकाश नमुन्यापर्यंत नेला जातो. एका मार्गिकेवर स्फटिकातील अणूंची मांडणी मोजली जाते, दुसरीवर पदार्थातील एखादे मूलद्रव्य कोणत्या रासायनिक अवस्थेत आहे ते कळते, तिसरीवर मूलद्रव्यांचे नकाशे काढता येतात, आणि भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेली एक मार्गिका प्रथिनांच्या स्फटिकांसाठी आहे. विद्यापीठांतील संशोधकांनाही प्रस्ताव मांडून तेथे काम करता येते. शिवाय विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग यांच्या इंदूर येथील संयुक्त संशोधन संस्थेतही विद्यापीठीय अभ्यासकांसाठी अशा मापनांच्या सोयी आहेत.

वनस्पतिरोगाच्या दृष्टीने या मापनांचा अर्थ असा, की ज्या तंत्राने मिश्रधातूतील किंवा अर्धवाहकातील अणूंची मांडणी समजते, त्याच तंत्राने पानातील तांबे किंवा जस्त कोठे आणि कोणत्या रूपात साठले आहे, विषाणूच्या प्रथिनाची घडी कशी पडते आणि काळ्या मातीच्या पापुद्र्यांमध्ये पाण्याचे किती थर आहेत, हेही मोजता येते. नमुना बदलतो, गणित तेच राहते.

उपायाचे पदार्थविज्ञान

रोगावरच्या उपायांतही पदार्थाची रचना महत्त्वाची असते, हे शेतकऱ्यांना सर्वाधिक परिचित असलेल्या बोर्डो मिश्रणावरूनही दिसते. मोरचूद आणि चुना यांचे हे मिश्रण द्राक्षाच्या केवडा याच नावाच्या, पण वेगळ्या रोगावर उपयोगी पडते, असे फ्रान्समधील मिलार्डे यांनी १८८५ मध्ये जाहीर केले आणि नाशिक-सांगलीच्या बागांत ते आजही फवारले जाते; चुन्यामुळे तांबे विरघळण्याचा वेग मंदावतो, म्हणून ते पानावर टिकते आणि पान भाजत नाही. परंतु वर्षानुवर्षांच्या फवारणीने तांबे मातीत साठते. कण जितका लहान, तितके त्याच वजनात पृष्ठभागाचे क्षेत्र अधिक, हे भौतिक तत्त्व येथे कामी येते: एक मायक्रोमीटर व्यासाच्या कणाचे दहा नॅनोमीटर व्यासाचे कण केले, तर तेवढ्याच द्रव्याचा पृष्ठभाग शंभर पटींनी वाढतो आणि कमी तांब्यात तेवढाच परिणाम साधण्याची शक्यता निर्माण होते. असे नॅनोकण किती लहान आहेत हे क्ष-किरणांच्या आलेखातील शिखरांच्या रुंदीवरून मोजण्याची रीत पॉल शेरर यांनी १९१८ मध्येच दिली आहे. परंतु जो कण बुरशीला घातक आहे तो मातीतील उपयुक्त जिवाणूंनाही अपाय करू शकतो, त्यामुळे त्याचा आकार मोजण्याइतकीच त्याचे पुढे काय होते याची तपासणी आवश्यक ठरते.

विषाणूवर मात्र तांबे चालत नाही, कारण विषाणू पेशीच्या आत असतो. पेशी ज्या यंत्रणेने परक्या आरएनएचे तुकडे करते, त्या यंत्रणेला योग्य विषाणूची ओळख पटवून देणारा दुपदरी आरएनए बाहेरून फवारण्याची कल्पना त्यासाठी पुढे आली. अडचण अशी, की उघडा आरएनए पानावर काही दिवसांतच नष्ट होतो. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड विद्यापीठात नीना मित्तर यांच्या गटाने २०१७ मध्ये हा आरएनए धनभारित पापुद्र्यांच्या एका मानवनिर्मित चिकणमातीवर चिकटवून फवारला, तेव्हा हवेतील कार्बन डायऑक्साइड आणि ओलावा यांमुळे पापुद्रे हळूहळू विरघळत गेले, आरएनए सावकाश मोकळा झाला आणि एका फवारणीतून वीस दिवसांपर्यंत संरक्षण मिळाल्याचे आढळले. २०२२ मध्ये त्याच पद्धतीने पांढऱ्या माशीविरुद्धचे प्रयोगही प्रसिद्ध झाले. मातीचे पापुद्रे, विषाणूचे केंद्रकाम्ल आणि कीटकाचे शरीर यांना एकाच उपायात गुंफणारे हे संशोधन पिवळ्या मोझॅकला अगदी जवळचे आहे, तरी ते प्रयोगशाळेतून सोयाबीनच्या बांधापर्यंत परवडणाऱ्या किमतीत पोहोचणे हे वेगळे काम आहे.

तोपर्यंत शेतकऱ्याच्या हाती असलेले उपाय साधे पण तर्कशुद्ध आहेत: ‘जेएस २०-२९’ किंवा ‘जेएस २०-६९’ यांसारखे रोगप्रतिकारक वाण, पेरणीपूर्वी बीजप्रक्रिया, सुरुवातीला दिसणारी रोगट झाडे उपटून नष्ट करणे, पिवळे चिकट सापळे आणि माशीला आश्रय देणाऱ्या तणांचा बंदोबस्त. यांतील प्रत्येक उपाय विषाणू, माशी आणि झाड यांच्यातील एखादा दुवा तोडतो. विषाणू बदलत राहत असल्यामुळे कोणत्याही वाणाचा प्रतिकार कायमचा नसतो आणि म्हणून एका वाणावर सारा प्रदेश अवलंबून ठेवणे धोक्याचे ठरते.

रचनेचे ज्ञान एकट्याने पीक वाचवत नाही आणि रचना न समजता केलेला उपाय फार काळ टिकत नाही, हे या सर्व इतिहासावरून स्पष्ट होते. मेहतांना डोंगरातील गहू स्वतः पाहावा लागला, स्टॅन्लींना तंबाखूची रोगट पाने लागली आणि फ्रँकलिन यांना अशा पानांतून शुद्ध केलेला विषाणू इतर विषाणू-संशोधकांकडून मिळवावा लागला. प्रत्येक वेळी प्रश्न एका शास्त्राचा आणि साधन दुसऱ्या शास्त्राचे होते. माळव्यात दोन्ही तासाभराच्या अंतरावर आहेत. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने सोयाबीनचे शेत अभ्यासक्रमाचा भाग म्हणून पाहणे आणि रोगशास्त्राच्या विद्यार्थ्याने क्ष-किरणांचा आलेख वाचायला शिकणे, एवढा बदल उज्जैनसारख्या ठिकाणच्या विद्यापीठाला नव्या यंत्रांवाचूनही करता येण्याजोगा आहे आणि सर्वात आधी करण्याजोगाही तोच आहे.